दोन्हीकडे ३००: फोर-बाय-फोरसाठी डिझेल की पेट्रोल?

माझ्या भाच्याची दिंडोरीजवळ द्राक्षबाग आहे आणि घर नाशिकला, गंगापूर रोडवर. गेल्या पावसाळ्यात बागेकडे जाणाऱ्या शिवाररस्त्यावर त्याची साधी गाडी तीनदा रुतली आणि तिन्ही वेळा ट्रॅक्टर लावून ओढून काढावी लागली. तेव्हापासून फोर-बाय-फोर घ्यायची हे त्याच्या मनाने पक्कं केलं होतं. गाडी ठरली, रंग ठरला, आणि घोडं अडलं ते इंजिनपाशी. "मामा, डिझेल घेऊ की पेट्रोल? शोरूमच्या कागदावर दोन्हींचा टॉर्क ३०० च लिहिलाय. मग फरक कशाचा?"

प्रश्न अगदी नेमका होता. गाडी होती थार, म्हणजे आमच्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होणारी. २०१० साली आलेली पहिली थार फक्त डिझेलवर चाले. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली तेव्हा तिच्यात पहिल्यांदा पेट्रोल इंजिनाचा पर्याय मिळाला. एकीकडे २१८४ सीसीचं डिझेल, दुसरीकडे १९९७ सीसीचं टर्बो पेट्रोल. हाताच्या गिअरच्या गाडीत दोन्हींचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर. त्याआधीच्या पिढीला असा पेच पडलाच नव्हता. ताकद हवी तर डिझेल, हे आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीपासून लग्नाच्या जीपपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. आता कागद म्हणतो दोन्ही सारखी. कागद खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. म्हणून त्या संध्याकाळी मी भाच्याला इंजिन आतून कसं चालतं इथपासून सांगायला बसलो. तेच इथे मांडतो.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, हे लहानपणी सगळ्यांनी बोटाने अनुभवलेलं असतं. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन या एका गोष्टीवर उभं आहे. सिलिंडरमध्ये नुसती हवा घेतली जाते आणि पिस्टन ती मूळ आकाराच्या सोळाव्या-सतराव्या भागात कोंबतो. तेवढ्याने ती इतकी तापते की तीत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही. पेट्रोल इंजिनात दाब त्याहून कमी, साधारण नऊ ते अकरा पट. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण तयार होतं आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. पेट्रोलवर डिझेलएवढा दाब टाकला तर ते ठिणगीची वाट न पाहता भलत्या वेळी पेटेल आणि इंजिन ठोकायला लागेल. दाब जितका जास्त, तितकं जळणातून जास्त काम निघतं. म्हणून डिझेल काटकसरी. त्यात डिझेल मुळातच घट्ट; एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. 'डिझेलला ॲव्हरेज चांगलं' या वाक्यामागे अशी दोन वेगळी कारणं आहेत.

दुसरा मूलभूत फरक हवेच्या दारात आहे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की हवेचं दार उघडतं, म्हणजे थ्रॉटल. जितकी हवा आत येईल त्या हिशेबात पेट्रोल. पाय उचलला की दार जवळजवळ बंद, आणि इंजिन बंद दारातून श्वास ओढत राहतं. त्या ओढण्यातही ताकद खर्च होते. डिझेलमध्ये हे दार बहुतेक वेळ उघडंच. हवा हवी तेवढी, आणि ॲक्सिलरेटर ठरवतो फक्त डिझेल किती फवारायचं ते. सावकाश चालताना, उभं राहून घुरघुरताना डिझेल इतकं कमी का पितं याचं उत्तर इथे आहे. आणि फोर-बाय-फोर गाडीचं खरं आयुष्य अशा सावकाश चालण्यातच जातं.

आता त्या ३०० कडे येऊ. टॉर्क म्हणजे पिळण्याची ताकद. गंजलेला नट सोडवताना पान्यावर लावतो ती. पण नट किती वेगाने फिरवला हे टॉर्क सांगत नाही. ते सांगते पॉवर, म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. कंपनीने दिलेल्या आकड्यांप्रमाणे या डिझेल इंजिनाला ३०० न्यूटन-मीटर मिळतात ते मिनिटाला १६०० ते २८०० फेऱ्यांत. पेट्रोलला तेच ३०० मिळतात १२५० ते ३००० फेऱ्यांत. हे वाचून भाचा म्हणाला, "म्हणजे पेट्रोलच खालून जास्त ओढणार!" कागदावर तसंच दिसतं. याचं श्रेय टर्बोचं आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारण्याच्या तंत्राचं. वर गेल्यावर फरक आणखी वाढतो. डिझेलची पॉवर १३० पीएस, ती ३७५० फेऱ्यांवर, आणि त्यानंतर ते दमायला लागतं. पेट्रोल ५००० फेऱ्यांपर्यंत पळत जातं आणि १५० पीएस देतं. मुंबई-आग्रा महामार्गावर कंटेनरला ओलांडून पुढे जायचं असेल तर पेट्रोलची गाडी जास्त मोकळी वाटते, यात वाद नाही.

पण हे आकडे टर्बो फिरायला लागल्यावरचे आहेत, आणि बहुतेक लोकांच्या ते ध्यानात येत नाही. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या झोतावर फिरणारा पंखा. तोच दुसऱ्या टोकाने इंजिनात हवा ढकलतो. इंजिन ८००-९०० फेऱ्यांवर असेल तर धूर थोडा, पंखा मंद, आणि कागदावरचे ३०० अजून यायचे असतात. पाणंदीतल्या दगडावर पुढचं चाक टेकवून, क्लच हळूहळू सोडत गाडी वर चढवताना इंजिन नेमकं याच फेऱ्यांवर असतं. तिथे डिझेलचा स्वभाव कामाला येतो. ओझं पडून फेरे कमी व्हायला लागले की संगणक लगेच थोडं जास्त डिझेल सोडतो. हवा आधीच भरपूर असल्यामुळे ते लगेच जळतं आणि इंजिन सावरतं. त्यात डिझेलचे फिरणारे भाग जड असतात, त्यामुळे फेरे एकदम पडत नाहीत. पेट्रोलमध्येही संगणक सावरतोच, पण त्याला आधी दार उघडून हवा आत घ्यावी लागते, तिथे क्षणभर जातो. चालवणाऱ्याला हा फरक असा जाणवतो की डिझेलची गाडी ॲक्सिलरेटरला पाय न लावता दगडावरून चालत जाते, आणि पेट्रोलला थोडी रेस द्यावी लागते. नवख्या माणसाची पेट्रोल गाडी अशा ठिकाणी बंद पडते, ती याच कारणाने.

हे ऐकून कुणी लगेच डिझेल नोंदवू नये, कारण लो रेंज नावाची गोष्ट दोन्हींत आहे. गिअरच्या बाजूचा दुसरा दांडा ओढून गाडी 'फोर लो'मध्ये टाकली की इंजिनाची पिळण्याची ताकद आणखी सुमारे अडीच पटीने वाढून चाकांपर्यंत जाते आणि वेग तेवढाच कमी होतो. थारमध्ये हे प्रमाण २.४८. म्हणजे पेट्रोलची खालच्या फेऱ्यांतली कसर बरीचशी लो रेंज भरून काढते. स्वयंचलित गिअर असेल तर टॉर्क कन्व्हर्टर उरलेलं सांभाळतो; त्या पेट्रोल गाडीला टॉर्कही ३२० आहे. माझं मत विचाराल तर गाडी डोंगरात नेणाऱ्या आणि स्वयंचलित गिअर घेणाऱ्या माणसाने 'पेट्रोल चढत नाही' ही भीती मनातून काढून टाकावी.

ताकदीइतकंच वजनही महत्त्वाचं. मारुतीची जिप्सी १९८५ पासून तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत पेट्रोलवरच चालली आणि लष्कराने ती डोंगरात वर्षानुवर्षं वापरली. तिच्या वंशातली आजची जिम्नीही फक्त पेट्रोल. टर्बो नाही, टॉर्क जेमतेम १३४ आणि तोही ४००० फेऱ्यांवर. कागदावर थारच्या निम्म्याहून कमी. पण गाडीचं वजन सुमारे १२०० किलो, थारपेक्षा कितीतरी हलकं. इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातखाचरांच्या बांधावर, जिथे वरची माती पिठासारखी मऊ असते, तिथे हलकी गाडी कमी रुतते. उलट फोर्सची गुरखा फक्त डिझेल, जड, आणि पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक होणारी. ओझं घेऊन खडकातून जायला ती बनलेली. टोयोटाची फॉर्च्युनर आपल्याकडे पेट्रोलमध्ये मिळते ती मागच्या दोन चाकांवर चालणारी. चारही चाकं हवी असतील तर डिझेलच. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सचंही तेच, फोर-बाय-फोर फक्त डिझेलला. म्हणजे बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत कंपनीने हा प्रश्न तुमच्याआधीच सोडवून ठेवलेला असतो.

चिखलाचंही एक सांगायला हवं, कारण नाशिक जिल्ह्यात चिखल एका जातीचा नाही. निफाड-दिंडोरीची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत बसते आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. खाचा मोकळ्या करायला चाक जोरात फिरवावं लागतं. तिथे वरच्या फेऱ्यांपर्यंत पटकन जाणारं पेट्रोल उपयोगी पडतं. पेठ, सुरगाणा, हरिहरच्या पायथ्याची निरगुडपाडा-हर्षेवाडीची वाट, इथे लाल माती, मुरूम आणि सुटे दगड. तिथे चाक गरगर फिरवलं तर खड्डाच होतो. सावकाश आणि सलग ओढणारं डिझेल तिथे जास्त सुखाचं. दोन्ही मातींत इंजिनापेक्षा टायर आणि टायरमधली हवा जास्त काम करतात, पण तो स्वतंत्र विषय आहे.

पाण्याबद्दल जुन्या मिस्त्रींचं म्हणणं असे: डिझेलला ठिणगीची गरज नाही, म्हणून ओढ्यातून जायला डिझेलच. जुन्या जीपच्या काळात ते बरोबर होतं. पेट्रोल जीपचा डिस्ट्रिब्युटर भिजला की ती जागीच उभी. आता प्रत्येक प्लगवर स्वतःची सीलबंद कॉइल असते आणि डिझेलच्या अंगावरही पेट्रोलइतक्याच तारा आणि सेन्सर असतात, त्यामुळे तो फरक जवळजवळ मिटला. खरा धोका वेगळा आहे, आणि त्यात डिझेल जास्त नाजूक. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर हवा दाबते तसं पाणी दाबत नाही. अर्ध्या लिटरच्या एका सिलिंडरचा हिशेब करून पाहा. सतरा पट दाब असेल तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ३१ मिलिलिटर. दहा पट दाबाच्या पेट्रोलमध्ये सुमारे ५५. म्हणजे अर्धा कटिंग चहा मावेल एवढं पाणी डिझेलचा कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरे. थारची पाण्यातून जायची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर दिली आहे, गुरखाची ७००. जुलैमध्ये फरशीवरून पाणी वाहत असताना ते ६५० आहे की ८००, हे गाडीत बसून कळत नाही. उतरून, काठी घेऊन बघावं लागतं; आणि पाणी ओढीचं असेल तर थांबावं. गाडी पाण्यात बंद पडलीच तर दोन्ही इंजिनांसाठी नियम एकच: सेल्फ मारायचा नाही.

उताराबद्दलचा एक समजही तपासून घ्यायला हवा. 'डिझेलचं इंजिन ब्रेकिंग जबरदस्त' असं सर्रास म्हटलं जातं. पेट्रोलचं हवेचं दार बंद असताना इंजिन पोकळीविरुद्ध ओढतं, आणि तोच ब्रेक होतो. डिझेलमध्ये दार उघडं. हवा दाबायला ताकद लागते खरी, पण दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते आणि बरीचशी ताकद परत देते. त्यामुळे इंजिनाच्या जातीवर फार विसंबू नये. कसारा घाट किंवा सप्तशृंगीचा उतार सांभाळतो तो गिअर. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, हे ट्रकवाल्यांचं शहाणपण दोन्ही इंजिनांना लागू आहे.

आता ज्या मुद्द्यावर माझ्या मते सगळा निर्णय फिरतो, तो. गाडी सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत किती चालते?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यासाठी इंधनातलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आणलं गेलं आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारी जाळी बसली, डीपीएफ. बारीक छिद्रांच्या या चिनी मातीसारख्या ठोकळ्यात काजळी साठत जाते. भरली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते; त्यासाठी जाळी साधारण ६०० अंशांपर्यंत तापावी लागते. ती तापवायला संगणक थोडं जादा डिझेल सोडतो. गाडी नाशिकहून इगतपुरीकडे पाऊण तास एका वेगाने चालली असेल तर हे काम कुणाला कळतही नाही. पण कॉलेज रोडवरून शाळा, शाळेतून भाजीबाजार, तिथून घर अशा तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर जाळी तापायच्या आतच इंजिन बंद होतं. काजळी साठत राहते. अर्धवट राहिलेल्या प्रयत्नातलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ करतं. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांच्या डिझेल गाडीत काजळीच्या जाळीचा इशारा देणारा दिवा दोन महिन्यांत चौथ्यांदा लागला होता. गाडीत खोट नव्हती. गाडी निवृत्तीनंतरच्या छोट्या फेऱ्यांत अडकली होती. मी त्यांना दर रविवारी त्र्यंबकला जाऊन यायला सांगितलं, जायला अठ्ठावीस-तीस किलोमीटर, चौथ्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता. दिवा परत लागला नाही. पण रोजचं जगणं तसं असताना मुळात त्यांनी पेट्रोल घ्यायला हवं होतं, हे त्यांनाही पटलं.

बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत याखेरीज युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, तो धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतो. ते संपलं तर ठरावीक अंतरानंतर गाडी सुरूच होत नाही. शेतावरचा युरिया पाण्यात कालवून त्यात घालू नये; त्यातल्या अशुद्धीने महागडी यंत्रणा बसते. द्राक्षवाल्यांना हे मुद्दाम सांगतो, कारण गोणी हाताशी असते.

डिझेलबद्दल दुसरी सावधगिरी मला नाशिककर म्हणून जास्त जवळची वाटते. आमच्याकडे मायको सर्कल आहे. सातपूरच्या ज्या कारखान्यावरून ते नाव पडलं ती मायको २००८ मध्ये बॉश झाली, पण लोकांच्या तोंडी अजून मायकोच. त्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोजल आणि इंजेक्टर बनतात. या शहरातल्या कितीतरी घरांची चूल त्या नोजलवर पेटली. त्यामुळे नोजल किती बारकाईची वस्तू आहे हे इथे कुणालातरी विचारून समजून घेता येतं. त्याची छिद्रं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आतल्या सुईची सैल जागा काही मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा लहानसा अंश. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल १६०० ते २००० बारच्या दाबाने तिथून जातं. आता शेतातल्या शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेलं डिझेलचं पिंप आठवा. झाकण अर्धवट, पावसाळ्यात आत धरलेला ओलावा, तळाला गंज आणि माती. जुनं इंजिन असलं डिझेल पचवत असे. कॉमन रेल इंजेक्टर पचवत नाही. फिल्टर पाणी वेगळं करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. एक इंजेक्टर बदलायचा खर्च हजारोंत जातो आणि असतात चार.

पेट्रोलची अडचण वेगळ्या बाजूने येते. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. ऊस आणि मक्यापासून होणारं हे इथेनॉल आपल्या भागाला परकं नाही. पण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. हिशेब केला तर मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के कमी ऊर्जा भरते. त्याच्यासाठी बनलेलं इंजिन यातलं थोडं भरून काढतं, सगळं नाही. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. जी गाडी फक्त महिन्यातून एकदा गडाच्या पायथ्याला जाते आणि बाकी दिवस झाकून असते, तिची टाकी पावसाळ्यात भरलेली ठेवावी. जुनी जिप्सी घेणार असाल तर तिच्या इंधनाच्या रबरी नळ्या आधी बदलून घ्या.

पैशाचा हिशेब सोपा आहे, पण ज्याने त्याने आपला करायचा. मी भाच्याला असा करून दाखवला. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. शहर, महामार्ग आणि शेत मिळून पेट्रोल थार ९ देते आणि डिझेल १२ असं धरू. किलोमीटरला पेट्रोलचे साडेअकरा रुपये झाले, डिझेलचे साडेसात. फरक चार रुपयांचा. दुसऱ्या पारड्यात डिझेलची जास्त किंमत आणि जास्त कर. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा एकरकमी वाहनकर डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे: १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलसाठी १२, डिझेलसाठी १४. पंधरा लाखांवर हा फरक तीस हजारांचा. किमतीतला फरक, विमा, युरिया सगळं मिळून एक लाख धरला तरी तो पंचवीस हजार किलोमीटरमध्ये फिटतो. वर्षाला पंधरा हजार चालवणाऱ्याला दोन वर्षंही लागत नाहीत. पाच हजार चालवणाऱ्याला पाच वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात काजळीच्या जाळीचा एक खर्च आला तर सगळी बचत त्यात जाते.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हा काही जणांना वाटलं, चार मीटरच्या आतली फोर-बाय-फोर १८ टक्क्यांत येईल. १८ टक्क्यांची सवलत चार मीटरच्या आत असलेल्या आणि पेट्रोलमध्ये १२०० सीसी, डिझेलमध्ये १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला आहे. जिम्नीची लांबी ३९८५ मिलिमीटर, पण इंजिन १४६२ सीसीचं पेट्रोल. म्हणून ती ४० टक्क्यांत. थारची लांबीही तेवढीच, आणि तिचं दीड लिटरचं डिझेल सवलतीत बसतं, पण ते इंजिन फक्त मागच्या चाकांना जोडलेलं येतं. गंमत म्हणजे त्याचाही टॉर्क ३०० च. शोरूममधला माणूस 'थार डिझेल स्वस्त झाली' म्हणाला तर ती कुठली हे विचारून घ्या. चिखलात तिची पुढची चाकं फक्त दिशा दाखवतात.

टाकी थारची ५७ लिटरची. वरच्याच हिशेबाने पेट्रोलवर पाचशे किलोमीटर, डिझेलवर पावणेसातशे. साल्हेरच्या बाजूला दोन दिवस फिरायचं तर दोन्ही पुरतात. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांना मात्र हा पल्ला महत्त्वाचा, आणि तिथे हिवाळ्यात आणखी एक गोष्ट: साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं ते त्यासाठीच. पेट्रोलला हा त्रास नाही. नाशिकच्या थंडीत, निफाडचा पारा कितीही खाली गेला तरी, डिझेलवाल्याला काळजीचं कारण नाही.

एवढं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मग घेऊ काय?" मी त्याला एक महिना थांबायला सांगितलं आणि जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक वही ठेवायला लावली. प्रत्येक वेळी किल्ली फिरवली की काटा लिहायचा, बंद केली की परत लिहायचा. बाकी काही नाही. महिन्याने वही घेऊन आला. बाग पंचवीस किलोमीटरवर. सव्वीस दिवसांपैकी एकोणीस दिवस जाऊन-येऊन पन्नासच्या वर. दोनदा वणीच्या बाजारात, एकदा मुंबई. छाटणीच्या दिवसांत मागे औषधाची छोटी ट्रॉली जोडावी लागणार, तीही सावकाश, बांधावरून. मध्ये मध्ये चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या होत्या, त्या मुलीच्या शाळेच्या.

त्याने डिझेल नोंदवलं, हाताच्या गिअरचं. शाळेच्या फेऱ्या आता स्कूटरवर होतात. आणि मी काही बोलायच्या आत त्याने स्वतःच सांगितलं, "शेडमधलं पिंप ट्रॅक्टरपुरतंच, मामा. हिच्या टाकीत पंपावरचंच जाईल."